बी बेनाडेरेटचा आवाज ओळखताना : वहीची आजची स्थिती

गेल्या श्रावणात मी एका नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘बी बेनाडेरेट’ असे नाव घातले आणि पुढच्या पानांवर तीन रकाने आखले. पहिल्यात या अमेरिकी अभिनेत्रीची श्रेयनामावलीत नाव असलेली कामे, दुसऱ्यात नाव नसलेली पण नक्की तिचीच असलेली कामे, आणि तिसऱ्यात केवळ कानाला ती वाटते म्हणून टिपून ठेवलेली कामे. जुन्या अमेरिकी रेडिओचा आणि दूरचित्रवाणीचा नाद असलेल्या आपल्यापैकी अनेकांकडे अशी एखादी वही असणारच. माझी आता अर्ध्याच्या पुढे गेली आहे, तिसऱ्या रकान्यातल्या बऱ्याच नोंदी दुसऱ्यात सरकल्या आहेत, काही खोडाव्याही लागल्या आहेत. म्हणून आतापर्यंत हाती काय लागले ते सविस्तर मांडते.

बीचा जन्म ४ एप्रिल १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील तुर्कस्तानातून आलेले ज्यू आणि तंबाखूचे व्यापारी, आई आयरिश वंशाची, आणि बालपण सॅन फ्रान्सिस्कोत गेलेले. तिथल्या केएफआरसी या रेडिओ केंद्रावर तिने गायन, अभिनय, लेखन, निवेदन असे पडेल ते काम केले आणि १९३६ मध्ये ती हॉलिवूडला आली. या आरंभीच्या दहा वर्षांचे ध्वनिमुद्रण मला कुठेच मिळाले नाही, त्यामुळे वहीतली ती पाने कोरीच आहेत.

खरा अभ्यास सुरू होतो तो रेडिओच्या भरभराटीच्या काळापासून. विनोदवीर जॅक बेनीच्या रेडिओ कार्यक्रमात ती गर्ट्रूड गिअरशिफ्ट नावाची टेलिफोन ऑपरेटर होती. सेरा बर्नरने रंगवलेली मेबल फ्लॅपसॅडल तिची सहकारी. बेनी फोन लागण्याची वाट पाहत असतो आणि या दोघी त्याच्याबद्दलच मनसोक्त गप्पा मारत बसतात. ‘फिबर मॅगी अँड मॉली’मध्ये ती श्रीमंती मिरवणारी मिसेस कारस्टेअर्स होती, ‘द ग्रेट गिल्डरस्लीव्ह’मध्ये शाळेची मुख्याध्यापिका ईव्ह गुडविन. लागोपाठ तीन रात्री हेडफोन लावून मी या तिघींचा एकेक भाग ऐकला. गर्ट्रूड शब्द नाकातून दाबून बाहेर काढते, कारस्टेअर्सबाई स्वर लांबवतात आणि समोरच्याला जरा लांबच ठेवतात, तर ईव्ह गुडविनचा आवाज मऊ आणि सुसंस्कृत आहे. पहिल्या रात्री तिघींमध्ये काहीही समान सापडले नाही. दुसऱ्यांदा ऐकताना एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की वाक्य कितीही झरझर बोलले तरी शेवटचा शब्द ती कधीही गिळत नाही. श्वास पुरवून ठेवून तो पुरता उच्चारते आणि मगच समोरच्याला जागा देते. नभोनाट्यात काम केलेल्यांना हे लगेच पटेल, कारण तिथे पुढच्याला आपले वाक्य कधी उचलायचे हे केवळ कानावर ठरवावे लागते. या एका खुणेवर तिसऱ्या रकान्यातल्या अनेक शंका मिटल्या.

मात्र हीच खूण मला एकदा चकवून गेली. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांत ट्वीटीला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ग्रॅनीचा आवाज बीचा आहे हे ठाऊक असल्यामुळे मी ग्रॅनी दिसेल तिथे तिचे नाव लिहीत गेले आणि वहीची दोन पाने भरली. पुढे सनावळी लावताना कळले की १९५५ पासून ग्रॅनीचे काम जून फोरे यांच्याकडे गेले होते. ती पाने पुन्हा लिहावी लागली, पण दोघींच्या ग्रॅनी शेजारीशेजारी ठेवून ऐकल्याचा लाभ मोठा झाला. १९५० च्या ‘कॅनरी रो’मधली बीची ग्रॅनी अधिक ठाम वाटते, तिच्या म्हातारपणात घर चालवलेल्या बाईचा अधिकार आहे. १९४४ च्या ‘लिटल रेड रायडिंग रॅबिट’मधली कर्कश, चष्मेवाली मुलगीही तीच, आणि त्याच वर्षातल्या तिच्या रेडिओवरच्या कामांशी हा आवाज ताडून पाहिला तर एका गळ्यात एवढे मावते कसे, याचे नवल वाटते. या कार्टूनपटांत तिचे नाव झळकले नाही, कारण आवाजाचे श्रेय त्या काळात करारानुसार केवळ मुख्य आवाज-नट मेल ब्लँक यांना मिळत असे. माझ्या दुसऱ्या रकान्याचा मोठा भाग या एका करारामुळे भरलेला आहे.

विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉलचा विषय आपल्यात नेहमी निघतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. १९४८ ते १९५१ या काळात सीबीएस रेडिओवर चाललेल्या ‘माय फेव्हरिट हजबंड’मध्ये ल्युसिल बॉल लिझ कूपर होती, आणि गेल गॉर्डनने रंगवलेल्या बँकरची बायको आयरिस अॅटरबरी ही बीची भूमिका. पुढे तिच्या ‘आय लव्ह ल्युसी’ या दूरचित्रवाणी मालिकेची जुळवाजुळव झाली तेव्हा शेजारीण एथेल म्हणून ल्युसिलला बीच हवी होती, पण ती ‘बर्न्स अँड अॅलन’मध्ये आधीच बांधली गेली होती, आणि ती भूमिका व्हिव्हियन व्हॅन्सकडे गेली. बी त्या मालिकेत एकदाच दिसते, जानेवारी १९५२ मधल्या एका भागात, किराणा दुकानदाराच्या प्रेमात पडलेली मिस लुईस म्हणून. हा भाग मी आजवर चार वेळा पाहिला आहे. तिची संधी हुकली असे अनेक जण हळहळून लिहितात; मला ते पटत नाही, कारण तिने ज्या घरात राहायचे ठरवले ते घरही तेवढेच मोलाचे होते.

ते घर म्हणजे जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी अॅलन या विनोदी नवरा-बायकोचा ‘बर्न्स अँड अॅलन’. हा कार्यक्रम १२ ऑक्टोबर १९५० रोजी सीबीएस दूरचित्रवाणीवर सुरू झाला आणि १९५८ पर्यंत चालला, आणि या आठही वर्षांत शेजारीण ब्लँश मॉर्टन ही बीच होती. तिचा नवरा हॅरी मात्र चार नटांनी केला : हॅल मार्च, जॉन ब्राउन, फ्रेड क्लार्क आणि लॅरी कीटिंग. १९५३ मध्ये क्लार्क जाऊन कीटिंग आले तो प्रसंग माझ्या वहीत पूर्ण पानभर आहे. नवऱ्यावर चिडलेली ब्लँश त्याच्यावर हात उगारून उभी आहे, एवढ्यात जॉर्ज बर्न्स थेट दृश्यात चालत येतो, सगळे थांबवतो, प्रेक्षकांना सांगतो की आजपासून हॅरीचे काम लॅरी कीटिंग करणार आहेत, बी आणि कीटिंग यांची ओळख करून देतो, आणि निघून जातो. त्यानंतर ती पुन्हा ब्लँश होते आणि राग होता तिथून पुढे सुरू होतो. भाग थांबवून मी तिचा चेहरा पाहिला. ओळख चालू असताना ती बी बेनाडेरेट आहे, प्रसन्न आणि अगत्यशील. जॉर्ज वळताच डोळ्यांत ब्लँशचा राग परत येतो. मधे तयारीचा एक क्षणही दिसत नाही.

ब्लँशबद्दल मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ग्रेसी अॅलनशी तिच्या असलेल्या नात्यात आहे. ग्रेसीचे तर्कट ऐकून बाकीचे सगळे चक्रावतात, कपाळाला हात लावतात किंवा जॉर्जकडे पाहतात. ब्लँश पुढचा प्रश्न विचारते. तिला मैत्रिणीचे म्हणणे खरोखर समजून घ्यायचे असते, आणि तिने विचारल्यामुळेच ग्रेसीला आपला विचार आणखी चार पायऱ्या वर नेता येतो. हशा ग्रेसीच्या वाक्यावर येतो, पण त्या वाक्यापर्यंत पोचवणारी शिडी ब्लँशने धरलेली असते. एका भागातले दोघींचे स्वयंपाकघरातले संभाषण मी शब्दशः उतरवून काढले, नंतर ब्लँशची वाक्ये झाकून केवळ ग्रेसीची वाचून पाहिली. ती चमकदार राहिली, पण एकीतून दुसरी निघेना. या भूमिकेसाठी १९५४ आणि १९५५ मध्ये तिला एमी या दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले. १९५८ मध्ये ग्रेसी निवृत्त झाली आणि तिच्याविना काढलेला ‘जॉर्ज बर्न्स शो’ एका पर्वात आटोपला. त्यातही बी आहेच, पण ज्या बाईला प्रश्न विचारायचे ती समोर नाही, हे पाहताना फार जाणवते.

साठच्या दशकातली पाने भराभर भरली, कारण इथे तिचे नाव सर्वत्र आहे. ३० सप्टेंबर १९६० पासून एबीसीवर ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही कार्टून मालिका सुरू झाली. त्यात ती बेटी रबल आणि तिचा नवरा बार्नी म्हणजे मेल ब्लँक. ज्यांच्या करारामागे तिचे नाव वर्षानुवर्षे झाकले गेले, त्यांच्याच शेजारी आता ते छापून येऊ लागले. बेटीचे ते ओठ मिटून खुदखुदणे ऐकताना आजही मला वही बाजूला ठेवावीशी वाटते. १९६२ मध्ये ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या मालिकेसाठी तिने त्यातल्या ग्रॅनीच्या (कार्टूनमधली ग्रॅनी वेगळी) भूमिकेची चाचणी दिली होती, लेखक-निर्माते पॉल हेनिंग यांना त्या म्हातारीसाठी किडकिडीत अंगकाठी हवी होती, म्हणून ती भूमिका आयरीन रायनला मिळाली आणि बी मालिकेतल्या जेथ्रो या तरुणाची आई पर्ल झाली. हेनिंग पूर्वी ‘बर्न्स अँड अॅलन’चे लेखक होते आणि बीचे सामर्थ्य त्यांना ठाऊक होते.

त्यांनीच २४ सप्टेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या ‘पेटीकोट जंक्शन’मध्ये तिला पहिल्यांदा मध्यवर्ती भूमिका दिली. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ती केट ब्रॅडली झाली : हूटरव्हिलजवळच्या, रुळांच्या कडेला असलेल्या शेडी रेस्ट हॉटेलची मालकीण, विधवा, तीन मुलींची आई. पहिल्या पर्वाचे भाग मी क्रमाने पाहिले आणि मला फार आनंद देणारी गोष्ट दिसली, ती ही की मुख्य पात्र झाल्यावरही ती ऐकायचे सोडत नाही. एडगर बुकॅननचा अंकल जो एखादी नवी भानगड समजावून सांगत असतो तेव्हा तिचे हात काम करत राहतात, पण मान मात्र त्याच्याकडे वळलेली असते, आणि तिचा होकार की नकार हे तिने तोंड उघडण्याआधीच कळते.

१९६७ च्या अखेरीस तिला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे कळले. उपचारांच्या काळात ती काही भागांत नाही; रोझमेरी डीकॅम्प यांनी मुलींच्या मावशीच्या भूमिकेत ती जागा सांभाळली. १९६८ मध्ये ती परतली, सहाव्या पर्वाच्या सुरुवातीला कामही केले, आणि १३ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तिचे निधन झाले. वय बासष्ट. तिचे पती यूजीन ट्वॉम्ब्ली रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर ध्वनिपरिणाम देत असत. चारच दिवसांनी हृदयविकाराच्या झटक्याने तेही गेले.

केटला नातवंड होते तो भाग तिच्या निधनानंतर, त्याच महिन्यात प्रसारित झाला. त्यात पाठमोरी दिसते ती दुसरी स्त्री आहे; आवाज तेवढा बीचा आहे. हा भाग मी परवा पाहिला, चित्र बंद करून पुन्हा नुसता ऐकला. आवाज थकलेला आहे, पण शेवटचा शब्द पुरता उच्चारलेला आहे. नोंद पहिल्या रकान्यात केली. तिसऱ्या रकान्यात अजून अकरा नोंदी उरल्या आहेत, त्यांतल्या सात जॅक बेनीच्या चाळीसच्या दशकातल्या आहेत. दिवाळीपर्यंत त्या ऐकून व्हाव्यात अशी आखणी आहे.