माद्रिदचा मंगळवार आणि बँकेतले काका

माद्रिदला दहा दिवस होते. प्रादो संग्रहालय बघितलं, रेतीरो बागेत दोनदा जाऊन आले, पण घरी आल्यावर सगळ्यांना सांगत सुटलेय ते लावापिएसमधल्या एका बारमधल्या मंगळवारच्या संध्याकाळीबद्दल. लावापिएस म्हणजे चढउताराच्या अरुंद गल्ल्यांचा जुना भाग, एका रस्त्यावर तर भारतीय आणि बांगलादेशी हॉटेलांची रांगच आहे, त्यामुळे फोडणीचा वास येतो आणि एकदम बरं वाटतं. हॉस्टेलवरची मुलगी म्हणाली, तुला इंग्रजी येतं आणि स्पॅनिश शिकायचंय, मग आज इंतरकाम्बिओला जा की.

इंतरकाम्बिओ म्हणजे अदलाबदल. एका टेबलाशी चारपाच जण बसायचं, अर्धा तास सगळ्यांनी इंग्रजीत बोलायचं, मग अर्धा तास स्पॅनिशमध्ये. फी नाही, फक्त स्वतःचं काहीतरी प्यायला घ्यायचं. शर्टावर आपल्याला येणाऱ्या भाषेच्या झेंड्याचं स्टिकर लावतात. मला ब्रिटनचा झेंडा देत होते, मी कोरं स्टिकर मागून घेतलं आणि त्यावर लिहिलं, मराठी, इंग्रजी.

माझ्या टेबलावर एक नर्स होती, एक इंग्रजीच्या बी-टू, म्हणजे मध्यमच्या वरच्या लेव्हलच्या, तोंडी परीक्षेची तयारी करणारी मुलगी आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका. काकांच्या शाळेत परकी भाषा म्हणजे फ्रेंच, त्यांच्या पिढीतल्या खूप जणांचं तसंच आहे, इंग्रजी त्यांनी साठीनंतर सुरू केलं. वाचायला छान येतं पण तोंड उघडलं की घसा आवळतो म्हणाले. ह्याला त्यांचा शब्द आहे बेर्ग्वेन्था, म्हणजे लाज, चारचौघांत हसं होईल ही भीती. ऐकल्या ऐकल्या मला माझा पाचवीचा वर्ग आठवला. आमच्या मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत आली आणि पुढे कॉलेजात वाक्य मनात तीन वेळा जुळवून होईपर्यंत विषयच बदललेला असायचा, ते दिवस मी विसरलेले नाहीये.

ही लाज कशी पक्की होते तेही तिथंच कळलं. 2013 साली माद्रिदच्या तेव्हाच्या महापौर आना बोतेया यांनी 2020 चं ऑलिम्पिक माद्रिदला मिळावं म्हणून ब्युनोस आयर्सला इंग्रजीत भाषण केलं, त्यात प्लाझा मायोरमधल्या निवांत कॉफीचा उल्लेख होता, तर देशभर त्यांच्या उच्चारांची टर उडवली गेली, टीशर्टसुद्धा निघाले. परीक्षावाली मुलगी म्हणाली, तेव्हा मी शाळेत होते आणि तेव्हाच ठरवलं की आपण बोलायचंच नाही. मला हे फार लागलं. बाई जगासमोर दुसऱ्या भाषेत उभ्या राहिल्या होत्या हो!

दुसरं कारण डबिंग. स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत 1941 मध्ये हुकूम निघाला की परदेशी सिनेमा स्पॅनिशमध्ये डब करूनच दाखवायचा. सेन्सॉरला ते सोयीचं, पण लोकांच्या कानांना सवयच लागली आणि हुकूम गेला तरी डबिंग राहिलं. शेजारच्या पोर्तुगालमध्ये थेटरात सबटायटल वाचत मूळ भाषा ऐकतात, तिथल्या लोकांचं इंग्रजी त्यामुळेच मोकळं आहे असं टेबलावर सगळ्यांचं ठाम मत होतं, मलाही ते पटलं. आता इथले लोक टीव्हीवर रिमोटने मूळ आवाज लावतात. ती मुलगी मालिकेतलं एक वाक्य ऐकते, थांबवते, तसंच म्हणून फोनवर रेकॉर्ड करते आणि दोन्ही लागोपाठ ऐकते. नर्सताई आठवड्याला एकदा सीने दोरेला मूळ भाषेतला सिनेमा बघायला जाते, सरकारी फिल्म संग्रहालयाचं जुनं देखणं थेटर आहे ते, मीही गुरुवारी तिच्याबरोबर जाऊन आले.

बोलताना कुठं अडतं ते ऐकायला मला खूप आवडलं. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, म्हणून शिप आणि शीप त्यांना एकच. स्कूलचं एस्कूल होतं, आमची आजी इस्टेशन म्हणायची तसंच. मी काकांना म्हटलं, आधी नुसता स्‌स्‌स् लांबवा, साप बोलतो तसा, आणि त्यातूनच कूलवर या. चारपाच वेळा केलं आणि आलं! मग झू शब्द आला, तो सू होत होता, कारण तो आवाज त्यांच्याकडे वेगळा नाहीच, आणि मला एकदम जाणवलं की आपल्या जहाजातला ज मी जन्मभर फुकटात वापरतेय. नर्सने सांगितलं की सर्दी झालीय असं म्हणायला ती कॉन्स्टिपेटेड म्हणायची, स्पॅनिशमध्ये कोन्स्तिपादो म्हणजे सर्दीच, आणि इंग्रज पेशंट घाबरायचे.

मग अर्धा तास संपला, भाषा बदलली आणि आता अडखळायची पाळी माझी. पुण्यात वर्षभर क्लास केलेला, तरी क्रियापदं हातातून निसटत होती. थिंकमधला थ माझा आपला मराठी थ आहे हेही काकांनीच पकडलं. जीभ दातांमध्ये ठेवून त्यांनी ग्राथियास, म्हणजे धन्यवाद, म्हणून दाखवलं, मी म्हटलं, त्यांनी मान हलवली, परत म्हणायला लावलं. मगाशी मी शिकवत होते तेच आता मला शिकवत होते आणि म्हणूनच कुणाला कुणाची लाज वाटत नव्हती. आपल्याकडच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात सर फळ्यापाशी आणि चाळीस जण बाकावर, तिथं चुकायचं फक्त बाकावरच्यांनी. ह्या टेबलावर दर अर्ध्या तासाला बाक फिरतो.

पुढच्या मंगळवारी परत गेले. काका चिठ्ठीवर आपला दिवस इंग्रजीत लिहून आणतात आणि बोलायच्या आधी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतात, बघत नाहीत. त्या दिवशी सहा मिनिटं सलग बोलले, बाजारात कोळंबी महाग झालीय ह्यावर.

आता आमचं व्हॉट्सॲपवर चालू आहे. मंगळवारी त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा, ते काही जमत नाही, म्हणून रविवारी त्यांच्या सकाळी अकराला, माझ्या दुपारी साडेतीनला. ते दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज इंग्रजीत पाठवतात, मी स्पॅनिशमध्ये उत्तर देते. ह्या रविवारी त्यांनी नातवाच्या शाळेबद्दल सांगितलं, स्कूल शब्द चार वेळा आला आणि चारही वेळा स पासूनच सुरू झाला.