निरशा दुधाचा पिझ्झा

लेक पुण्याहून आली की पहिल्या दिवशी भडंग, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि तिसऱ्या दिवशी तक्रार, असा आमच्या घरचा क्रम आहे. यंदाची तक्रार पिझ्झाची होती. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका नव्याकोऱ्या दुकानात आम्ही तिघी, म्हणजे मी, आई आणि ती, मोठ्या हौसेनं गेलो. पाटीवर इटलीचा झेंडा, भिंतीवर द्राक्षाचे वेल (ते तासगावचे म्हणूनही खपले असते). समोर आला तो खालून पांढराफटक बेस, त्यावर गोडसर सॉस, मका, कोबी, आणि चीज नावाचा एक थर. गरम असताना तो लांबत होता, गार झाल्यावर चप्पलेच्या पट्ट्यासारखा झाला. वरून मेयोनीजची रांगोळी. आईनं एक घास खाल्ला आणि विचारलं, "हे भाजलंय, का नुसतं शेकलंय?" लेक म्हणाली, "आजी, हा पिझ्झाच नाही."

मला खरं तर असला पिझ्झाही चालतो. माझ्या कॉलेजच्या दिवसांत बेकरीत मिळायचा तो, केचप फासलेला, कांदा पेरलेला, डब्यातलं चीज किसून घातलेला. आजही समोर आला तर सोडणार नाही. पण 'खरा' हा शब्द डोक्यात शिरला की निघत नाही. खऱ्याखोट्याच्या बाबतीत आम्ही सांगलीकर मुळातच हळवे. मुंबईत एकदा 'सांगली भडंग' असं छापलेलं पाकीट हातात आलं. आत काजू, मनुका, साखर. लसूण नावाला नाही! मी ते फळीवर परत ठेवलं आणि दुकानदाराकडे असं पाहिलं, की जसं काही त्यानंच कृष्णेवरचा आमचा आयर्विन पूल पाडलाय. आमच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे म्हणून आम्ही मिरवतो. मग पिझ्झाचं माहेर असलेल्या इटलीतल्या नेपल्सच्या माणसाला आपल्या मेयोनीजबद्दल काय वाटत असेल?

काय वाटतं ते त्यांनी लिहूनच ठेवलंय. 1984 साली नेपल्समध्ये खास खऱ्या पिझ्झाच्या रक्षणासाठी संघटना निघाली आणि तिनं नियम केले. पिठात फक्त मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट. तेल नाही, साखर नाही. लाटणं लावायचं नाही, गोळा हातानंच पसरायचा. आकार 35 सेंटीमीटरच्या आत. लाकडाची भट्टी 485 अंशांच्या आसपास तापलेली, आणि त्यात पिझ्झा 60 ते 90 सेकंद. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला 2017 मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून मान्यता दिली. 1889 साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली, तिच्यासाठी टोमॅटो, मोझरेला चीज आणि बेसिलची पानं असा झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला आणि त्याला तिचं नाव पडलं, अशीही गोष्ट सांगतात. इतिहासकारांना ती फारशी पटत नाही. आपल्याकडेही प्रत्येक पदार्थाच्या मागे कुणीतरी राजा जेवून गेलेला असतोच.

हे सगळं वाचत होते तेव्हा एका ओळीवर अडकले. तिकडच्या नावाजलेल्या मोझरेलाला म्हशीचं दूध लागतं. म्हशीचं! मला आजवर वाटायचं, इटलीत सगळ्या गायीच, त्याही चॉकलेटच्या वेष्टनावर असतात तशा. आणि ही नदीत डुंबणारी म्हैस माणसाळली तीच मुळी आपल्या उपखंडात. तिची लांबची नात नेपल्सच्या आसपास चरते आणि आपण तिच्या दुधाच्या चीजची इकडे बसून स्वप्नं बघतो. आमच्या भागात तर पंढरपुरी म्हशी, तलवारीसारखी पाठीमागे गेलेली शिंगं मिरवत रोज रस्त्यात आडव्या येतात.

दुसऱ्या दिवशी गवळीमामांना सांगितलं, "उद्या दोन लिटर जादा. आणि निरसं हवं, पाणी घालून नको."

"वहिनी, पाणी कवा घातलंय?" मामा दुखावले. मग म्हणाले, "कशाला पायजे?"

"नासवायला."

मामांनी माप खाली ठेवलं आणि आईकडे पाहिलं. आईनं कपाळाला हात लावला.

मोझरेलाची गोम अशी आहे की दूध तापवलेलं चालत नाही. उकळून फाडलं तर पनीर होतं, ते ओढलं की तुटतं. निरसं दूध नुसतं कोमट करून त्यात लिंबूसत आणि रेनेटचे, म्हणजे चीजसाठी दूध धरवणाऱ्या द्रव्याचे, थेंब घातले की ते खरवसासारखं धरतं. मग ते कापायचं, पाणी निथळू द्यायचं आणि कढत पाण्यात बुडवून ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं. हे सगळं मी तोंडपाठ केलं, अंघोळीला गेले, आणि बाहेर आले तर दूध गॅसवर, वर जाड साय. पन्नास वर्षांची सवय. दारात दूध आलं की आईचा हात आपोआप लायटरकडे जातो. त्या दिवशी खीर झाली.

दुसऱ्या खेपेला मी पातेल्याजवळून हलले नाही. बोटं भाजली, पण दह्यासारख्या त्या चोथ्याला एकाएकी तुकतुकी आली आणि तो माझ्या हातात लोंबायला लागला. गायीच्या दुधाला असते ती पिवळी झाक यात अजिबात नाही, पांढराशुभ्र. दोन मोठ्या लाडवांएवढे गोळे निघाले. लेकीनं एक तसाच मीठ लावून खाल्ला.

टोमॅटोला मात्र काही इलाज नाही. तिकडचे सान मारझानो व्हेसुव्हियसच्या पायथ्याच्या ज्वालामुखीच्या मातीत वाढतात. आमची काळी जमीनही लाव्ह्याचीच, आणि आमचा लाव्हा तर साडेसहा कोटी वर्षं मुरलाय, असं मी लेकीला ऐकवलं. पण मंडईतला टोमॅटो ट्रकमध्ये न फुटण्यासाठी जन्मलेला असतो. त्याचं साल जाड, आत पाणी. मी तो चिरून, चाळणीत निथळून हातानं कुस्करला. बेसिलसाठी मिरजेला गेले. फालुद्यात घालतो तो सब्जा बेसिलच्याच झाडाचं बी; आणि मीरासाहेब दर्ग्याबाहेरच्या फुलवाल्याकडे त्याची जुडी मिळाली. वास थोडा जास्त तिखट, लवंगेकडे झुकणारा. फुलवाल्यानं ती केळीच्या पानात बांधून दिली. मी पिझ्झासाठी नेतेय हे त्याला सांगायचा धीर झाला नाही.

उरली भट्टी. माझा ओव्हन 250 अंशांवरच धापा टाकतो. हा तिढा आईनं सोडवला. "नानकटाई कुठे भाजून आणायचो आपण?"

लहानपणी मे महिन्यात डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आम्ही गल्लीच्या टोकाच्या बेकरीत जायचो. मैदा, तूप, साखर आपली. भट्टी आणि मेहनत त्यांची. ती बेकरी अजून आहे, भट्टी अजून लाकडावर आहे, आणि आता चाचांच्या जागी त्यांचा मुलगा बसतो, ज्याला आम्ही चाचाच म्हणतो. दुपारी पावाची खेप उतरल्यावर आम्ही तिघी डबे घेऊन हजर. उन्हाळ्यानं पीठ घाईघाईनं फुगून झाकण ढकलत होतं.

चाचांनी नियम ऐकून घेतले. "485? ताई, एवढ्यात पाव घातला तर कोळसा होईल." तरी त्यांनी दोन ओंडके आत सारले, ओल्या पोत्यानं भट्टीची फरशी पुसली आणि लांब दांड्याच्या फळीवरून आमचा वेडावाकडा पिझ्झा आत सोडला. 90 सेकंद गेले. दोन मिनिटं गेली. चौथ्या मिनिटाला कड फुगली, तिच्यावर काळे ठिपके उठले, मोझरेला वितळून टोमॅटोत छोटी छोटी तळी झाली.

उभ्या उभ्या, पावाच्या पत्र्यावरच आम्ही तो खाल्ला. लेक काही बोलली नाही. तिचं तोंड भाजलं होतं. आई म्हणाली, "आता भाजलंय." मग पिशवीतून भडंगाची पुडी काढून तिनं तिच्या तुकड्यावर चिमूटभर भुरभुरलं आणि लेकीनं डोळे मिटून घेतले.

चाचांना पैसे विचारले तर म्हणाले, नानकटाईच्या एका पत्र्याचे होतात तेवढेच द्या. शेवटचा तुकडा खाऊन झाला तरी ते बोट चाटत उभे होते.

"ताई, ते पांढरं काय होतं? आपल्याच म्हशीचं?"

"आपल्याच."

"शुक्रवार सोडून कधीही या," ते म्हणाले. "दूध मी आणतो."