तुम्ही विचारलंत म्हणून: "अजून इथेच?"

"काय गं, अजून इथेच? कधी जाणार?"

लग्न डिसेंबर २०१८ मध्ये झालं, यंदाची, २०२१ ची, दिवाळी तिसरी. गणपतीच्या देवळात, हळदीकुंकवाला, भाजी घेताना, सांगलीच्या मार्केट यार्डात जिथे मी हळदीच्या अडतीत हिशेब लिहिते तिथेसुद्धा हा प्रश्न येतो. हिशेबपट्टी न्यायला आलेले काका पट्टी घडी घालून खिशात ठेवतात आणि विचारतात, "ताई, अमेरिकेचं काय झालं?" त्यांचा मला राग नाही. राग येतो तो आईला बाजूला घेऊन "सगळं ठीक आहे ना?" विचारणाऱ्यांचा. लग्न झालेली मुलगी तीन वर्षं माहेरी, म्हणजे नांदत नाही, नाहीतर त्याने टाकली, एवढे दोनच अर्थ आपल्याकडे निघतात. तिसराही असू शकतो. तो सांगायला वेळ लागतो, आणि देवळाच्या पायरीवर तेवढं ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून आज एकदाच लिहिते.

माझा नवरा अमेरिकेचा नागरिक नाही, ग्रीनकार्डवाला आहे, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी असलेला. या एका फरकात सगळं आलं. नागरिकाच्या बायकोच्या व्हिसाला वर्षाला इतकेच अशी मर्यादा नसते. ग्रीनकार्डवाल्याच्या बायकोला असते आणि तिची रांगही वेगळी, तिला एफ-टू-ए म्हणतात. जानेवारी २०१९ मध्ये त्याने अर्ज भरला. जुलैत त्या रांगेची अट उठली, म्हणजे अर्ज मंजूर झाला की नंबरासाठी थांबायचं नाही. डिसेंबरात अर्ज मंजूर झाला, फेब्रुवारी २०२० च्या शेवटी "कागदपत्रं पूर्ण" असा निरोप आला. उरला फक्त मुंबईतला इंटरव्ह्यू. २० मार्चला जगभरच्या अमेरिकी वकिलातींनी नेहमीचं व्हिसाचं काम बंद केलं. २२ एप्रिलला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी कायमचं राहायला येणाऱ्यांवर बंदीचा हुकूम काढला. त्यातून नागरिकांच्या बायकांना सूट होती. आम्हाला नव्हती. साठ दिवसांचा तो हुकूम वाढत वाढत फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालला. तो उठला तेव्हा साठलेल्या अर्जांची क्रमवारी लावली, चार गट केले, आणि आमचा गट तिसरा. त्यातलं माझं इंटरव्ह्यूचं पत्र अजून आलेलं नाही.

"मग टुरिस्ट व्हिसावर तरी जाऊन ये." हे सांगणाऱ्यांना वाटतं, मला सुचलंच नसेल. व्हिसा मागणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच निघालाय असं त्यांचा कायदा आधी धरून चालतो. परत येणार हे आपण पटवायचं असतं. माझ्या नावावर तर कायमचं राहण्याचाच अर्ज पडलाय. मी खिडकीसमोर उभी राहून काय पटवू?

"मग तो का येत नाही?" तो डिसेंबर २०१९ मध्ये तीन आठवडे येऊन गेला. मग विमानं बंद झाली. सहा महिन्यांवर बाहेर राहिलं तर त्याच्या नागरिकत्वासाठी मोजायच्या वर्षांवर प्रश्न उभा राहतो, आणि तो नागरिक झाला तर माझा गट वर सरकतो. ही सगळी उत्तरं मला पाठ आहेत, कारण हाच प्रश्न मीही त्याला विचारलाय, तुमच्यापेक्षा वाईट शब्दांत. एका पहाटे, त्याच्याकडे संध्याकाळ होती, मी म्हटलं, "तुला मी यायला हवी आहे की नको, एवढंच सांग." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हवी आहेस." त्या मधल्या वेळाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. फोनला रेंज नव्हती असं मी स्वतःला सांगते. होती.

पण तुम्ही विचारलंत आणि मी गप्प राहिले, त्याचं खरं कारण व्हिसा नाही. ते २०१९ च्या ऑगस्टमधलं आहे.

आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. २००५ च्या पुरात पाणी पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं, म्हणून बाबा हलायला तयार नव्हते. दिवसभर फोनवर आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी येत होती. धोक्याची खूण ४५ फुटांची, ती कधीच मागे पडली होती. पुढे पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं, पण ते आम्हाला त्या दिवशी, ६ तारखेला, कुठे माहीत होतं? लाइट आदल्या रात्रीच गेले होते. फ्रिज बंद पडला म्हणून आईने आजीचं इन्सुलिन काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं होतं. गल्लीत बोट आली तेव्हा घरात पोटरीएवढं पाणी. बोटीवरची मुलं ओरडत होती, "माणसी एकच पिशवी!" बाबांनी आजीला पाठीवर घेतलं. आईने दागिन्यांचा डबा घेतला. निघताना आई मला म्हणाली, "आजीचं औषध तू घे."

मी घेतली ती फाईल. निळी, बटणाची. विवाह नोंदणीचा दाखला, जन्माचा दाखला, लग्नाचे फोटो, पत्रिका, त्याच्या पगाराची कागदं. फळीवरून काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि ओढणीने पोटाशी बांधली. तेवढं मी अगदी नीट केलं. माठाकडे माझी मान वळलीसुद्धा नाही.

विश्रामबागेत आत्याकडे पोचल्यावर आईने हात पुढे केला. "दे."

मी फाईल पुढे केली.

आई काही बोलली नाही. बाबा तसेच ओल्या कपड्यांनी औषधाची दुकानं शोधायला निघाले. आजीचं इन्सुलिन कुठेच मिळेना. कुठे दुकान बंद, कुठे माल संपलेला. रात्री आजीला उलट्या सुरू झाल्या. पहाटे ती हाकेला ओ देईना. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेच्या एका दवाखान्यात तिला दाखल केलं, तेव्हा साखर चारशेच्या वर होती. चार दिवस ती तिथे होती. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. दवाखान्याच्या बाकावर सगळे तेच बोलत होते, आणि मांडीवर फाईल घेऊन मी ऐकत होते.

मी किती वेळा स्वतःची बाजू मांडली आहे! महिन्यापूर्वीच आमची रांग सुटली होती, आता कागद गेले तर परत पहिल्यापासून, असं वाटलं. महापालिकेतलं दप्तर तरी कोरडं राहील की नाही, कुणी सांगावं, असं वाटलं. पण खरं सांगते, त्या क्षणी यातलं काहीच वाटलं नव्हतं. हे सगळं नंतर रचलेलं आहे. दाखल्याची दुसरी प्रत महापालिकेत मिळते. मला ते माहीत होतं, मीच तिथे तीन हेलपाटे घातले होते.

आजी शुद्धीवर आली तेव्हा तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "कागदं कोरडी हायती नव्हं?"

ती जानेवारी २०२१ मध्ये गेली. झोपेत. डॉक्टर म्हणाले, पुराचा आणि याचा काही संबंध नाही. आईही तेच म्हणते. मी यावर कुणाशी वाद घालत नाही, पण कुणाचं ऐकूनही घेत नाही.

लग्न ठरलं तेव्हाची मी म्हणायची, फार तर दीड वर्ष. त्या हिशेबाने तिने चांगली नोकरी सोडली, कपाट घेतलं नाही, पावसाळ्याच्या चपलासुद्धा जुन्याच चालवल्या. घरात पाहुणीसारखी राहिली. त्या मुलीला मी आता विचारते, तू इथून आधीच निघून गेली होतीस का? त्यामुळे माठ दिसला नाही का? ती म्हणते, नवऱ्याकडे जायची वाट बघणं हा काय गुन्हा आहे? तिचंही बरोबर आहे. मला आजही जायचंय. त्याच्याशी भांडून फोन ठेवला की सगळ्यात जास्त जायचं असतं.

म्हणून "कधी जाणार?" विचारलंत की मला आधी व्हिसा आठवतच नाही. तुम्ही "तिचं काहीतरी बिनसलंय" म्हणत निघून जाता.

या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी बाबांनी वाट बघितली नाही, पाणी गल्लीत शिरायच्या आधीच टेम्पो बोलावला. मी आधी माठाकडे गेले. तिथे काही नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. तशीच थोडा वेळ उभी राहिले. मग फाईल घ्यायला फळीपाशी आले, तर फळी रिकामी. बाहेर येऊन बघते तो आई टेम्पोत पुढे बसलेली, आणि दोन पिशव्यांत घातलेली निळी फाईल तिने पदराखाली पोटाशी धरलेली.