धावताना गार, सिग्नलला कोमट: रेडिएटर फॅनची नोंद

गाडी धावत असली की एसी मस्त गार. सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिली की व्हेंटमधून कोमट हवा, आणि गाडी सुटली की पुन्हा गार. तापमानाचा काटा मधोमध असायचा, म्हणून इंजिनाची काळजी केली नाही. ती चूक होती. मग एकदा लांबलचक जॅममध्ये काटा पाऊण रेघेपर्यंत चढला, आणि तेव्हा कुठे फॅन एकदम घोंघावत सुरू झाला. "चला, फॅन चालतोय" म्हणून मला हायसं वाटलं. रोगाची खूण खरं तर तिथेच होती.

या गाडीत रेडिएटर आणि एसी दोघांनाही वारा देणारा फॅन एकच, वेग दोन. एसी लावल्याबरोबर हळू वेग सुरू व्हायलाच हवा, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) थंड असलं तरी. जलद वेग फक्त कूलंट तापल्यावर. म्हणजे मला जो घोंघाट ऐकू आला तो शेवटचा उपाय होता, रोजचा वेग मेलेलाच होता.

पहिला शनिवार. ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर: गॅस भरून घे. भरण्याआधी एसीच्या पाइपांना प्रेशर मोजणारे गेज लावले, एक जास्त दाबाच्या (हाय) बाजूला, एक कमी दाबाच्या. इंजिन बंद, हवा ३० अंश, दोन्ही बाजूंना साधारण पावणेसात बार. आर-१३४ए या एसीच्या गॅससाठी हा आकडा बरोबर आहे, पण त्यावर विसंबू नका. बंद गाडीतलं प्रेशर तापमानावर ठरतं; सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी ते तेवढंच दिसतं. खरं काय ते चालू गाडीत कळतं. गॅस कमी असेल तर दोन्ही काटे खाली राहतात. माझ्याकडे उलट झालं. आयडलला एसी लावला, कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) इंजिनाला जोडणारा क्लच टक्कन लागला, फॅन जागचा हलला नाही. हाय साइड १६, २०, २४ असं चढत २७ च्या आसपास गेलं आणि क्लच सुटला. प्रेशर स्विचने कॉम्प्रेसर वाचवला.

मग बागेतला पाइप आणला आणि कंडेन्सरवर (रेडिएटरपुढची, एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पाण्याची बारीक धार धरली. काटा बघता बघता १५ च्या खाली आला, क्लच पुन्हा लागला, व्हेंट गार. यानंतर गॅसचा विषय मी संपवला. कंडेन्सरला वारा मिळत नव्हता, बस.

फ्यूज ठीक. हळू वेगाचा रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) आणि हॉर्नचा रिले एकाच नंबरचे, म्हणून अदलाबदल करून पाहिली, फरक नाही. मग रिले काढून सॉकेटमध्ये ३० (बॅटरीकडची) आणि ८७ (फॅनकडची) या दोन पिना फ्यूज लावलेल्या वायरने जोडल्या. (८५-८६ या कॉइलच्या पिना, तिथे वायर लावू नका.) तरीही फॅन गप्प. म्हणजे रिले, स्विच, कंट्रोलची वायर कशीही असो, खोट रिलेच्या पुढे होतीच. पुढे उरतो तो फॅनच्या आच्छादनावर बसवलेला रिझिस्टर, करंट अडवून हळू वेग देणारा. एका ओहमपेक्षाही कमी दाखवायला हवा, माझ्या मल्टीमीटरवर सर्किट तुटलेलं. त्यातला उष्णतेने सुटणारा सांधा सुटला होता.

दुसरा शनिवार. नवा रिझिस्टर बसवला, एसी लावला, फॅन लगेच फिरला. काम इथेच संपलं असं वाटलं होतं. पण सांधा उगाच सुटत नाही, हे डोक्यातून जाईना. वीस मिनिटं चालवून, गाडी बंद करून फॅनच्या कनेक्टरला हात लावला तर चटका बसला. कनेक्टर उघडला: एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी, कडेला मऊ होऊन किंचित वाहिलेलं.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला (साधा क्लॅम्प फक्त घरातल्या विजेसारखा आल्टरनेटिंग करंट मोजतो, गाडीतला डीसी नाही, खरेदी करताना बघून घ्या). जलद वेगाला २९ अँपिअर. मॅन्युअलमध्ये २० च्या आसपास दिलंय. फ्यूज ४० चा, त्यामुळे तो कधी उडालाच नाही; बिचारा रिझिस्टर आणि कनेक्टर मार खात राहिले. बॅटरीची निगेटिव्ह काढून पातं हाताने फिरवलं. चांगली मोटर दोन-तीन फेरे घेते; ही हात काढताच थांबली, आत वाळू असल्यासारखी खरखर लागली. बॅटरी न काढता पात्याजवळ हात नेऊ नका, इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत फॅन अचानक फिरतो.

मोटर उघडली. मागचं बुश (ज्यात मोटरचा दांडा फिरतो ती कडी) कोरडं आणि एका बाजूने झिजलेलं, कार्बन ब्रश अगदी तळाला आलेले, सगळीकडे काळी भुकटी. ग्रीस लावून चालवायचा मोह झाला होता, पण झिजलेलं बुश ग्रीसने भरून येत नाही. मोटर बदलली. कनेक्टर कापून नवीन टर्मिनल नीट क्रिंप केले.

तिसऱ्या शनिवारी फक्त सफाई. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कापसासारखा कचरा आणि किड्यांचा थर होता. कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने धुतलं. जोराचा फवारा मारला तर पातळ फिन्स आडव्या होतात.

आजचे आकडे, आयडलला, बाहेर ३३ अंश: हाय साइड १५ बार, व्हेंट ९ अंश (आधी १९ वर अडकायचं), फॅन जलद वेगाला १९ अँपिअर, काटा मधोमध. अर्धा तास उभी ठेवली, क्लच आपल्या लयीत लागत-सुटत होता.

एकच शंका उरली आहे. नव्या रिझिस्टरने जुन्या मोटरबरोबर वीस मिनिटं काढली आहेत. आज तो ०.४ ओहम दाखवतो, महिन्याभराने पुन्हा मोजून इथेच आकडा लिहीन.