मागचा टायर

पुढच्या शनिवारी इंग्लंडमधल्या हार्विच बंदरातून बोटीने हॉलंडला उतरून जर्मनीमार्गे इटलीतील स्टेल्व्हिओ घाट गाठायचा असल्याने, आज सकाळी मोटारसायकल सेंटर स्टँडवर घेऊन दोन्ही टायर निवांतपणे तपासले. पुढचा उत्तम निघाला. मागच्याच्या कडांना नक्षीची खोली चार मिलिमीटर भरली, मध्यभागी मात्र जेमतेम दोन. वर्षभर मोटरवेवर सरळ धावून त्याची गोलाई पार सपाट झाली होती आणि खाचांच्या तळाशी असलेले झीज दाखवणारे रबरी उंचवटे जवळजवळ पृष्ठभागाला टेकले होते. बाजूवर २३१९, म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले उत्पादन.

ब्रिटनमध्ये मोटारसायकलला १ मिलिमीटर खोली कायद्याला चालते, जर्मनीत १.६ लागते; म्हणजे जाताना कायदेशीर असलेला टायर प्रवासात झिजून परतताना जर्मनीत बेकायदेशीर ठरला असता. शिवाय अशा चपट्या टायरवर गाडी वळणात एकसारखी कलत नाही, कडेवर आली की अचानक पडल्यासारखी वाटते, आणि स्टेल्व्हिओ घाटात त्राफोई गावाच्या बाजूने तर ४८ तीव्र वळणे आहेत. (पुण्यात आम्ही टायर पुरता गोटा झाल्याशिवाय दुकानाची पायरी चढत नसू.)

दुपारी नवा टायर बसवून घेतला. कोरे रबर सुरुवातीला निसरडे असते, त्यामुळे निघण्यापूर्वी दीडशेएक किलोमीटर बेताने चालवणार आहे.