रताळ्याच्या शेतापासून मौना केआच्या माथ्यापर्यंत

हवाईला जाणारे बहुतेक लोक समुद्रासाठी जातात. आम्ही, म्हणजे मी आणि कॅलिफोर्नियात राहणारा माझा मामेभाऊ, एप्रिलच्या अखेरीस ‘बिग आयलंड’ या हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर पाच दिवस राहिलो ते एका डोंगरासाठी आणि त्या डोंगरावरून चाललेल्या भांडणासाठी. मौना केआ हा ४,२०५ मीटर उंचीचा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर जगातील काही सर्वोत्तम दुर्बिणी आहेत आणि तेथेच आणखी एक, तीस मीटर व्यासाच्या आरशाची, दुर्बीण उभारण्यास हा डोंगर पवित्र मानणाऱ्या मूळ हवाईयन लोकांनी गेली अनेक वर्षे रोखून धरले आहे. ‘टीएमटी’ (थर्टी मीटर टेलिस्कोप) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पात भारताचा सुमारे दहा टक्के वाटा ठरलेला आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ मध्ये त्यासाठी जवळजवळ तेराशे कोटी रुपये मंजूर केले होते, आणि सहभागी संस्थांमध्ये पुण्याची ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्थाही आहे. त्यामुळे हा वाद परक्याच्या घरचा म्हणून पाहण्याची सोय आपल्याला नाही.

प्रवासाचा क्रम मी मुद्दाम उलटा लावला होता. बहुतेक जण कोना विमानतळावरून थेट डोंगराकडे गाडी हाकतात. माझा सल्ला असा की, पहिला दिवस दक्षिणेकडील केआलाकेकुआच्या उपसागरासाठी राखून ठेवावा. कॅप्टन जेम्स कुकची कहाणी एरवी भूगोलाच्या पुस्तकात येते, पण ती खगोलशास्त्राचीही आहे. १७६९ मध्ये तो ताहितीला गेला तो शुक्राचे सूर्यावरील अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, पाहण्यासाठी. नौदलाने सोबत दिलेल्या गुप्त आदेशात मात्र दक्षिणेकडील अज्ञात खंड शोधण्याची आज्ञा होती, आणि पुढच्याच वर्षी त्याने ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे करून टाकला. वेध आणि ताबा एकाच जहाजातून निघाले होते.

जानेवारी १७७९ मध्ये त्याची जहाजे केआलाकेकुआला लागली, तेव्हा घड्याळे तपासण्यासाठी व रेखांश काढण्यासाठी किनाऱ्यावर तात्पुरती वेधशाळा हवी होती. हिकिआउ नावाच्या देवस्थानाला लागून असलेले रताळ्याचे एक शेत इंग्रजांनी मागितले, ते त्यांना मिळाले, आणि पुजाऱ्यांनी शेताच्या कुंपणाभोवती आपल्या काठ्या रोवून ती जागा निषिद्ध, म्हणजे ‘कापु’, करून टाकली, जेणेकरून कोणी आत येऊन उपकरणांना हात लावू नये. हवाईतील ही पहिली वेधशाळा देवळाच्या आवारालगत, देवळाच्याच परवानगीने आणि देवळाच्याच संरक्षणात उभी राहिली. महिन्याभरात, १४ फेब्रुवारीला, स्थानिक प्रमुखाला ओलीस धरण्याच्या प्रयत्नात कुक याच उपसागराच्या पलीकडच्या तीरावर मारला गेला.

आज हिकिआउचा काळ्या दगडांचा चौथरा नापोओपोओ या गावी अगदी रस्त्याच्या टोकाला आहे. मोटार तेथपर्यंत जाते, चालावे लागत नाही. चौथऱ्यावर चढू नये आणि दगड हलवू नयेत; हे जिवंत देवस्थान आहे आणि ‘ती’ या झुडपाच्या पानांत गुंडाळलेला नैवेद्य आम्हाला तेथे दिसला. पलीकडच्या तीरावरचा पांढरा स्तंभ कुकच्या स्मरणार्थ १८७४ मध्ये उभारलेला आहे. तेथे पायवाटेने उतरता येते, पण वाट सुमारे तीन किलोमीटरची आणि चारशे मीटर उताराची आहे. उतरताना सोपी वाटते. दुपारच्या उन्हात, सावली नसलेल्या लाव्हावरून परत चढताना आमच्या दोघांचे तीन लिटर पाणी संपले. सकाळी लवकर निघावे.

१८७४ हेच वर्ष शुक्राच्या पुढच्या अधिक्रमणाचेही होते. ब्रिटिश तुकडी हवाईत आली तेव्हा येथे स्वतंत्र राज्य होते आणि त्याच वर्षी गादीवर आलेल्या कालाकाउआ राजाने तिचे स्वागत केले. आपल्या बेटांवर वेधशाळा असावी असे त्यालाही वाटत असे. (१८८१ च्या जगप्रवासात हा राजा कलकत्ता आणि मुंबईलाही येऊन गेला.) टीएमटीचे समर्थक हल्ली त्याचे नाव पुढे करतात. मला त्यात एक गोष्ट राहून गेलेली दिसते: तो यजमान होता, परवानगी देण्याचा अधिकार त्याच्या हाती होता. १८९३ मध्ये अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना गोऱ्या बागायतदार-व्यापाऱ्यांच्या गटाने त्याची बहीण राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्यात सामील करून घेतली, आणि राजघराण्याच्या व राज्याच्या जमिनी नव्या सत्तेकडे गेल्या. मौना केआचा माथा याच जमिनींत मोडतो. १९६८ मध्ये तेथील सुमारे १३ हजार एकर क्षेत्र हवाई विद्यापीठाला पासष्ट वर्षांच्या पट्ट्याने मिळाले, आणि पुढे बहुतेक वेधशाळांनी जागेचे भाडे म्हणून वर्षाला एक डॉलर एवढी नाममात्र रक्कम दिली. तो पट्टा २०३३ मध्ये संपतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ‘सॅडल रोड’ने मौना केआ आणि मौना लोआ या दोन ज्वालामुखींमधल्या खिंडीत पोहोचलो. मौना केआचा रस्ता जेथे फुटतो, त्याच्या समोर पुउ हुलुहुलु ही झाडीने भरलेली छोटी टेकडी आहे. डोंगरावर जाण्यापूर्वी येथे तासभर थांबावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. २०१४ मध्ये टीएमटीच्या भूमिपूजनाचा कार्यक्रम निदर्शकांनी बंद पाडला. २०१५ मध्ये अटका झाल्या आणि वर्षअखेर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचा परवाना रद्द केला. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने नवा परवाना उचलून धरला. जुलै २०१९ मध्ये यंत्रसामग्री वर नेण्याची घोषणा होताच या टेकडीच्या पायथ्याशी हजारो लोक जमले. त्यांनी स्वतःला ‘कीआइ’, म्हणजे रक्षक, म्हणवले, आंदोलक नव्हे. १७ जुलैला रस्त्यावर खुर्च्या टाकून बसलेल्या तीसहून अधिक जणांना अटक झाली आणि त्यांतील बहुतेक ‘कूपुना’, म्हणजे वडीलधारी माणसे होती. यंत्रे वर गेली नाहीत.

टेकडीजवळच्या वाहनतळावर एका वृद्ध बाईंनी आम्ही कुठले म्हणून चौकशी केली. मी भारत म्हटले. “मग त्या दुर्बिणीत तुमचाही वाटा आहे,” एवढेच त्या शांतपणे म्हणाल्या आणि टेकडीवरची पायवाट निसरडी झाली आहे, जपून जा, असेही त्यांनी सांगितले. माझ्याकडे उत्तर नव्हते. पुण्यात आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मी कितीतरी वेळा या दुर्बिणीची, तिच्या आरशाच्या ४९२ तुकड्यांची, कौतुकाने माहिती दिलेली आहे. ती उभी कुठे राहणार, त्या जागेबद्दल एक वाक्यही मी कधी बोललो नव्हतो.

आता डोंगराविषयी व्यावहारिक बाबी. फाट्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर, २,८०० मीटर उंचीवर, अभ्यागत केंद्र आहे आणि तेथपर्यंत कोणतीही मोटार जाते. त्यापुढच्या तेरा किलोमीटरपैकी आठेक किलोमीटर रस्ता कच्चा व तीव्र चढाचा आहे आणि तेथे चारही चाकांना शक्ती देणारी गाडीच लागते. भाड्याच्या अनेक गाड्यांचा करार या रस्त्यावर लागू होत नाही, तेव्हा कागद आधी वाचावेत. डोंगरावर पेट्रोल मिळत नाही. केंद्रावर किमान अर्धा तास थांबून शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी. आम्ही वीस मिनिटांत उतावीळपणे निघालो आणि माथ्यावर मला मनगटावरच्या घड्याळात किती वाजले हे वाचायलाही वेळ लागला. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदय किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी केंद्राच्या वर जाऊ नये. समुद्रात स्कुबा डायव्हिंग केले असेल, तर चोवीस तास जाऊ द्यावेत. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात अभ्यागतांनी माथा सोडायचा असतो. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, नुसत्या ब्रेकवर उतरल्यास ते तापून निकामी होतात. आणि उष्ण कटिबंधात असलो, तरी लोकरीचे कपडे हवेत.

माथ्यावरून ‘केक’ वेधशाळेच्या जुळ्या घुमटांपलीकडे, उत्तरेच्या अंगाला, लाव्हाचे एक उघडे पठार दिसते. तेथे काहीही नाही. टीएमटीची ठरलेली जागा ती. सर्वांत उंच शिखरावर लाकडी वेदी आहे. तिकडे चढू नये. जवळच वाइआउ हे लहानसे तळे आहे, जेथे काही हवाईयन कुटुंबे नवजात बालकाची नाळ अर्पण करतात. आपल्याकडे नाळ पुरलेल्या जागेविषयी माणूस कसा बोलतो हे आठवले, की ‘एका डोंगराचे एवढे काय’ हा प्रश्न निदान मराठी माणसाने विचारू नये.

या लोकांना विज्ञानाचे वावडे आहे, हा आरोप तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील हिलो शहरातल्या ‘इमिलोआ’ या खगोलशास्त्र केंद्रात गेल्यावर टिकतच नाही. २००६ मध्ये उघडलेल्या या केंद्रात सारी माहिती हवाईयन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, आणि दुर्बिणींच्या शेजारी ताऱ्यांवरून होड्या हाकणाऱ्या दर्यावर्दींची परंपरा मांडलेली आहे. ‘होकुलेआ’ ही दुहेरी होडी १९७६ मध्ये मायक्रोनेशियाच्या माऊ पिआइलुग यांनी कोणतेही उपकरण न वापरता ताहितीला नेली. होकुलेआ म्हणजे आपला स्वाती तारा. तो या बेटांच्या जवळजवळ माथ्यावरून जातो, म्हणून परतीच्या वाटेवर तोच खूण ठरतो. केंद्रासाठी अर्धा दिवस ठेवावा आणि सुटीचा वार आधी पाहून घ्यावा.

दरम्यान २०२२ च्या कायद्याने डोंगराचा कारभार विद्यापीठाकडून एका नव्या प्राधिकरणाकडे जाऊ लागला आहे, ज्यात मूळ हवाईयनांना जागा आहेत. २०२४ मध्ये दोन जुन्या वेधशाळा उतरवून जमीन मोकळी केली गेली. आणि स्पेनने २०२५ मध्ये टीएमटी आपल्या ‘ला पाल्मा’ या बेटावर आणण्यासाठी ४० कोटी युरो देऊ केले.

हिलोत पाऊस फार पडतो, तेव्हा शेवटची रात्र तेथे काढणाऱ्यांनी आकाशाची आशा ठेवू नये. आम्हाला मध्यरात्री दहा मिनिटे उघडीप मिळाली. हिलो साधारण नाशिकच्याच अक्षांशावर आहे. लॉजच्या वाहनतळात उभे राहून पाहिले, तर स्वाती नाशिकच्या अंगणातून दिसतो तसा अगदी डोक्यावर होता. मामेभावाने छत्री मिटली, मान मागे टाकली, आणि हवाईयन लोक याला काय म्हणतात ते पुन्हा एकदा सांग म्हणाला.