तुम्ही विचारलंत म्हणून : समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ कराव्यात का?

इंग्रजी शिकवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. शब्दसंग्रह वाढवायचा आहे, तर समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ करू का? विचारणाऱ्याने बहुधा पाठांतर सुरू केलेले असते आणि त्याला माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही. मात्र याद्या फेकून द्या, असेही मी सांगत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. नवा शब्द व्याख्येतून शिकावा, विरुद्धार्थी शब्द लावून त्याचा अर्थ तपासावा आणि समानार्थी शब्दांकडे सर्वांत शेवटी वळावे, असे माझे मत आहे.

व्याख्या म्हटले की अनेकांना धडकी भरते, कारण एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या तीन अवघड शब्दांत सांगणारे कोश त्यांनी हाताळलेले असतात. ते कोश इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठी असतात. शिकणाऱ्यांसाठीचे कोश वेगळे. लाँगमनचा असा कोश १९७८ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील व्याख्या सुमारे २००० नेहमीच्या शब्दांच्या मर्यादेत लिहिलेल्या होत्या. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने तर व्याख्या पूर्ण वाक्यात देऊन शब्द वाक्यात कसा बसतो हेही त्याच ओळीत दाखवले. तेवढे दोन हजार शब्द पक्के असतील, तर पुढचे शब्द इंग्रजीतूनच शिकता येतात. वस्तूंच्या, झाडांच्या, हत्यारांच्या नावांसाठी मात्र मराठी प्रतिशब्द पाहावा आणि पुढे जावे. तिथे इंग्रजी व्याख्या वाचण्याचा हट्ट निव्वळ वेळखाऊ आहे.

आता समानार्थी शब्दांचे पाहू. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांचा थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा संग्रह, १८५२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजच्या बहुतेक याद्यांचा तो पूर्वज आहे. त्यात व्याख्या नव्हत्या. मनात कल्पना आहे, ओठांवर शब्द येत नाही, अशा लिहिणाऱ्यासाठी तो रचलेला होता. म्हणजे त्यातले शब्द वाचकाच्या आधीच ओळखीचे आहेत, हे त्यात गृहीत धरलेले होते. ज्याला ते शब्द अजून माहीतच नाहीत, त्याच्या हाती आपण तेच साधन व्याख्या न देता ठेवतो आणि मग त्याची वाक्ये विचित्र का होतात, याचे नवल करतो.

‘रिलक्टंट’ हा शब्द घ्या. यादीत त्याच्यापुढे ‘अनविलिंग’ आणि ‘हेझिटंट’ असतात. पण ‘हेझिटंट’ माणसाचा निर्णय झालेला नसतो, ‘अनविलिंग’ माणसाची तयारीच नसते, आणि ‘रिलक्टंट’ माणूस मनातून नाखूश असूनही पुष्कळदा शेवटी ते काम करतो. ‘रिलक्टंटली अग्रीड’ ही जोडी इंग्रजीत सारखी भेटते ती त्यामुळेच. हा फरक यादी सांगत नाही. कोशातली व्याख्या आणि तिच्याखालची दोन उदाहरणे सांगतात. ‘हॅपी’ आणि ‘ग्लॅड’ यांच्यात तर अर्थापेक्षा जागेचा फरक आहे: ‘अ हॅपी चाइल्ड’ सहज म्हणता येते, ‘अ ग्लॅड चाइल्ड’ कानाला खटकते. ‘स्लिम’ म्हटलेले आवडते, ‘स्किनी’ म्हटलेले सहसा नाही. इंग्रजीत असे जवळजवळचे शब्द इतके साठले, याचे एक मोठे कारण १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तिच्यात आलेला फ्रेंच आणि पुढे लॅटिन शब्दांचा लोंढा हे आहे. ‘आस्क’ हा मूळचा घरचा शब्द, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून. तिन्हींत विचारणे आहेच, पण ‘इंटरॉगेट’ पोलीस करतात, मित्र करत नाहीत.

विरुद्धार्थी शब्दाची मात्र आपण उगाचच उपेक्षा करतो. शब्दाचा नेमका कोणता अर्थ समोर आहे, हे तो चटकन उघड करतो. ‘रफ’ हा तर आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. रफ वहीच्या उलट फेअर वही. पण पृष्ठभाग रफ असेल तर उलट ‘स्मूद’, समुद्र रफ असेल तर ‘काम’ (calm, म्हणजे शांत), अंदाज रफ असेल तर ‘एग्झॅक्ट’. एकाच शब्दाला इतके विरुद्धार्थी निघाले, की त्याला अर्थही तितके आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय विरोधाचेही प्रकार असतात: जे ‘डेड’ नाही ते ‘अलाइव्ह’च असते, पण जे ‘हॉट’ नाही ते ‘कोल्ड’ असेलच असे नाही. केवळ उपसर्ग पाहून विरुद्धार्थी ठरवणाऱ्यांनी ‘इनव्हॅल्युएबल’ कोशात जरूर पाहावा. त्याचा अर्थ ‘अत्यंत मोलाचा’ असा आहे.

एक पथ्य मात्र मी कटाक्षाने पाळायला लावतो: दोन नवे विरुद्धार्थी शब्द एकाच बैठकीत शिकू नयेत. ‘बॉरो’ आणि ‘लेन्ड’ यांत मोठी माणसेही गोंधळतात, कारण दोन्ही शब्द एकाच दिवशी, एकाच ओळीत शिकवलेले असतात आणि उसने घेणे कोणते, देणे कोणते हे मनात सुटे होतच नाही. थॉमस टिंकहॅम या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकणे हे असंबद्ध शब्द शिकण्यापेक्षा अवघड गेल्याचे दिसले. म्हणून आधी ‘बॉरो’ वाक्यांतून मुरू द्यावा आणि काही आठवड्यांनी ‘लेन्ड’ हाती घ्यावा.

परीक्षा तोंडावर असेल, तर याद्या जरूर चाळा, मात्र उजळणीसाठी. तिथेही फक्त जोड्या घोकणारा अडकतो तो एका नेहमीच्या ठिकाणी: विरुद्धार्थी विचारलेला असताना पर्यायांत बहुतेकदा एक समानार्थी शब्द पेरलेला असतो, आणि ओळखीचा दिसतो म्हणून घाईत नेमकी त्याच्यावरच खूण केली जाते.